ओनामा आणि ओनमालु



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आपण सारे केवळ 'गुरुजी' म्हणत आलो. त्यांच्या हयातीत कोणी त्यांच्या नावामागे विशेषणे लावू लागले की ते खुर्चीवरून उठून जात. म्हणून मीही ती लावीत नाही. शाळा सीमेच्या त्या बाजूला, धर्माबादकडे आहे आणि यंदाचे व्याख्यान मात्र सीमेच्या या बाजूला, बासरला ठेवले आहे. तेही शाळा उघडण्याच्या तोंडावर. यामागे संयोजकांचा काही हेतू असावा असे मी धरून चालतो, आणि नव्या सत्राच्या आरंभाविषयीच बोलतो.

माझे सारे आयुष्य शब्द उलटेपालटे करून पाहण्यात गेले, तेव्हा सुरुवात शब्दापासूनच केली तर आपण क्षमा कराल. 'सत्र' हा शब्द आपण शाळेत सर्रास वापरतो : प्रथम सत्र, द्वितीय सत्र, सत्रान्त परीक्षा. मूळ वैदिक अर्थाने सत्र म्हणजे दीर्घकाळ चालणारा सोमयाग. इतर यज्ञांत यजमान वेगळा आणि ऋत्विज वेगळे असतात. यजमान दक्षिणा देतो आणि फळ त्याचे असते. सत्रात तसे नाही. तेथे बसलेले सारेच ऋत्विज आणि सारेच यजमान. दक्षिणा देणारा नाही, घेणाराही नाही. नैमिषारण्यात शौनकाचे बारा वर्षांचे सत्र चालू असताना सौतीने महाभारत सांगितले, आणि ज्या व्यासांचे ते महाभारत त्यांनीच गोदावरीच्या वाळूच्या तीन मुठींतून येथील सरस्वती घडवली असे बासरची स्थलकथा सांगते. 'व्यासर'चे 'बासर' झाले ही व्युत्पत्ती लोकांची आहे, भाषाशास्त्राची नव्हे. परंतु लोकांच्या व्युत्पत्तीतही एक प्रकारचा इतिहास असतो, म्हणून मी तिला हसत नाही.

दुसरा शब्द 'ओनामा'. आपण म्हणतो, अमक्याने तमक्या कामाचा ओनामा केला. 'ॐ नमः सिद्धम्' हे जुन्या पंतोजींच्या शाळेतले पहिले वाक्य. पोरांच्या तोंडी त्याचे 'ओनामासीधं' झाले आणि पुढे त्यातला 'ओनामा' तेवढा उरून त्याचा अर्थ 'आरंभ' असा झाला. आता येथे मंदिरात अक्षराभ्यासाला बसलेल्या एखाद्या तेलुगू आईला विचारा, की मुलाला काय शिकवायला आणले आहे? ती सांगेल, 'ओनमालु'. तेलुगूत मुळाक्षरांना ओनमालु म्हणतात. शब्द तोच, उगम तोच. मराठीने त्यातला आरंभ ठेवला आणि तेलुगूने अक्षर ठेवले. दोन भाषांनी एका पाटीचे दोन तुकडे करून घेतले म्हणा ना!

असो. आता प्रत्यक्ष विषयाकडे येतो.

मी १९५६ च्या जून महिन्यात येथे पहिलीत बसलो. तेव्हा बासर मुधोळ तालुक्यात, मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात आणि नांदेड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. पहिले सत्र त्या राज्यात झाले. त्या वर्षी १ नोव्हेंबरला, म्हणजे ऐन दिवाळीत, राज्यपुनर्रचना अमलात आली. मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही सर्कले मुधोळ तालुक्यातून काढून आंध्र प्रदेशात, आदिलाबाद जिल्ह्यात गेली. धर्माबादची बाजू नांदेड जिल्ह्यात राहून मुंबई राज्यात गेली. आदिलाबादचे किनवट आणि राजुरा हे तालुके उलट दिशेने गेले. सुट्टी संपवून आम्ही मुले त्याच खोलीत, त्याच तरटावर, त्याच मास्तरांपुढे येऊन बसलो, पण दुसरे सत्र दुसऱ्या राज्यात सुरू झाले होते. मास्तरांनी याविषयी काही सांगितल्याचे मला आठवत नाही. बहुधा त्यांनाही काय सांगावे हे ठाऊक नसावे. बासर मात्र जागेवरून तसूभर हलले नाही. नंतर २ जून २०१४ ला ते तेलंगणात आणि ११ ऑक्टोबर २०१६ ला निर्मल जिल्ह्यात गेले. बासर आणि धर्माबाद यांच्यामध्ये नदी नाही, डोंगर नाही. गोदावरी आहे ती बासर आणि निजामाबाद यांच्यामध्ये, आणि त्या दोघांचे राज्य एकच! नकाशा काढणाऱ्याला नदी दिसली नसेल असे नाही. त्याने भाषा पाहिली. परंतु भाषा नदीसारखी एका पात्रातून वाहत नाही, ती काळ्या जमिनीत मुरलेल्या पाण्यासारखी असते.

आमचेच घर पाहा. घरात मराठी, शेतावर गड्यांशी तेलुगू आणि कचेरीत गेले की दखनी उर्दू. वडिलांना आम्ही 'नाना' म्हणत असू. तेलुगूत बापाला 'नान्ना' म्हणतात. त्यामुळे आमच्या गड्याचा मुलगा आणि मी एकाच वेळी हाक मारली, की दोघांचेही बाप वळून पाहत.

ज्या दिवशी राज्ये बदलली त्याच दिवशी संविधानात सातव्या दुरुस्तीने अनुच्छेद ३५० क आला. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षण मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असा त्याचा आशय आहे. त्याआधी १९४९ मध्ये प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेने शाळेत चाळीस किंवा वर्गात दहा मुले असतील तर मातृभाषेचा शिक्षक द्यावा असे ठरवले होते. ही तरतूद उदार आहे, आणि तिच्यामुळेच माझी सातवीपर्यंतची मराठी शाळा टिकली. परंतु आपण तिच्यातला शब्द पाहावा : 'प्राथमिक'. आठवीच्या दाराशी ती थांबते. संविधानाने आमचे बोट धरले आणि माध्यमिक शाळेच्या पायरीवर आणून सोडले. तेथून पुढे बाप, मुख्याध्यापक आणि दैव! सीमेवरच्या मुलाची खरी परीक्षा सातवीच्या शेवटी होत नाही, ती आठवीच्या पहिल्या दिवशी होते, असे मी म्हणतो ते याचसाठी.

त्या दिवसाची दोन उदाहरणे मला ठाऊक आहेत. एक माझे आणि एक माझ्या शेजारी बसणाऱ्या मित्राचे.

जून १९६३. सातवी झाली. मित्राच्या वडिलांनी जवळची म्हणून याच बाजूच्या एका माध्यमिक शाळेत त्याला घातले. माध्यम तेलुगू. बोलण्याची तेलुगू त्याला माझ्यापेक्षा चांगली येत होती, बाजारात तो माझा दुभाष्या असे. परंतु बोलीतली तेलुगू वेगळी आणि भूमितीच्या पुस्तकातली वेगळी. पहिल्या दिवशी त्याला फळ्यावरचे वाचता येईना. मास्तरांनी उभे केले, वर्ग हसला. तो पंधरा दिवस गेला. सोळाव्या दिवशी पेरणीचे निमित्त झाले आणि तो शेतावर राहिला, तो राहिलाच. त्याला कोणी शाळेतून काढले नाही, कोणी मारले नाही. त्या शिक्षकांनाही मी दोष देत नाही. साठ मुलांच्या वर्गात एक मराठी मुलगा आपल्यापुढे बसला आहे, हे त्यांना सांगणारे कोणी नव्हते. फार काय, त्याचा मित्र असून मला तरी ते कुठे कळले? मी माझ्या नव्या शाळेच्या कौतुकात होतो. दिवाळीला भेटला तेव्हा त्याने मला एवढेच विचारले, 'तुझ्या शाळेत फळ्यावर काय लिहितात, ते तुला वाचता येते का?' मी 'हो' म्हणालो आणि विषय बदलला. त्या बदललेल्या विषयाची लाज मला साठ वर्षे पुरली आहे.

माझे असे झाले. नानांनी मला गाडीने धर्माबादला आणले. गाडी तेव्हा मीटरगेजची होती. हाती शाळा सोडल्याचा दाखला, त्यावरचा मजकूर तेलुगूत. कारकुनाने तो उलटसुलट करून पाहिला आणि परत केला. 'हे आमच्याकडे चालत नाही. मराठीत करून आणा.' नाना वाद घालणारे नव्हते. ते वळले. गुरुजी व्हरांड्यात उभे होते. त्यांनी विचारले, 'पाटील, कुठून आलात?'

'बासरहून जी. पोराचं नाव घालायचं होतं.'

'मग परत कुठं निघालात?'

दाखला त्यांनाही वाचता आला नाही. त्यांनी शिपायाला स्टेशनवर पाठवले आणि तेलुगू जाणणाऱ्या एका पॉइंटस्‌मनला बोलावून आणले. त्या माणसाने हातावरचे तेल पुसले, दाखला वाचला, आणि गुरुजींनी स्वतःच्या हाताने रजिस्टर भरले. 'मातृभाषा' या रकान्यापाशी ते थांबले. नानांना न विचारता त्यांनी मला विचारले, 'घरी काय बोलता रे?'

'घरी मराठी जी. शेतावर तेलुगू.'

रकाना अरुंद होता. त्यांनी शाईने 'मराठी' लिहिले आणि खाली बारीक अक्षरात पेन्सिलीने 'तेलुगू'. मी प्राध्यापक झाल्यावर एकदा शाळेत जाऊन ते रजिस्टर पाहिले. शाई पिवळी पडली आहे, पेन्सिल तशीच आहे.

आता पुढची गोष्ट माझ्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. आठवीच्या वर्गात आम्ही सीमेपलीकडून आलेली आठदहा मुले असू. गुरुजींनी पहिले दोन आठवडे पुस्तक उघडले नाही. पुस्तके तोवर आलेलीही नसत, हेही खरे. त्यांनी फळ्याचे दोन भाग केले आणि आम्हांला शब्द मागू लागले. नांगराला तुमच्याकडे काय म्हणतात? 'नागलि.' चिंचेला? 'चिंत.' मिरचीला? 'मिरपकाय.' ज्वारीला 'जोन्नलु', मिठाला 'उप्पु', पावसाला 'वान', विहिरीला 'बावि'. धर्माबादची मुले डावीकडचे शब्द सांगत आणि आम्ही उजवीकडचे. नांगर-नागलि, चिंच-चिंत अशी जोडी जमली की वर्ग टाळ्या वाजवी. 'उप्पु'ला मराठीत जोडीदार सापडेना, तेव्हा एक मुलगा चक्क नाराज झाला होता. जी मुले पहिल्या दिवशी 'तिकडची' होती ती पंधरा दिवसांत वर्गाच्या निम्म्या फळ्याची धनी झाली. गुरुजींनी याला काही नाव दिले नव्हते. आज याला बहुभाषिक अध्यापन म्हणतात, आणि त्यावर परिसंवाद होतात. काही परिसंवादांचा अध्यक्ष मीही होतो. तेथे मी अनेक विद्वानांची नावे घेतली, गुरुजींचे घेतले नाही. ती चूक आज सुधारतो.

आणखी एक. गुरुजी आठवीचा प्रवेश जूनमध्ये बंद करीत नसत. आपल्याकडे शाळा मृगाबरोबर उघडते. पाऊस पडला की पेरणी आणि घंटा एकाच वेळी वाजते, आणि दोघांना हवा असतो तो मुलगा एकच. पहिल्या आठवड्यात वर्ग निम्मा रिकामा असे. इतर शाळा त्या मुलांना गैरहजर मांडीत. गुरुजी आषाढी एकादशीपर्यंत त्यांची वाट पाहत. आपल्याकडे तो पंढरीचा दिवस. तेलुगू शेतकरी त्याच दिवसाला 'तोलि एकादशी' म्हणतो. 'तोलि' म्हणजे पहिली, त्याच्या सणांचे वर्ष तेथून सुरू होते. गुरुजींचे शैक्षणिक वर्षही तेथूनच सुरू होई. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांना हे कसे समजावत असतील, देव जाणे.

येथे मला एका परक्या गोष्टीची आठवण होते. आल्फोन्स दोदे या फ्रेंच लेखकाची 'शेवटचा धडा' ही कथा आपल्यापैकी अनेकांनी बारावीच्या इंग्रजी पुस्तकात वाचली असेल. १८७०-७१ च्या युद्धानंतर आल्सास प्रांत जर्मनीकडे गेला, फ्रेंच शिकवणे बंद झाले, त्या दिवसाची ती कथा. डोळे पाणावतात. परंतु मला त्या कथेविषयी एक जुनी तक्रार आहे. आल्सासच्या बहुतेक मुलांची घरची बोली जर्मन वळणाचीच होती. शाळेतली फ्रेंचही त्यांना एके दिवशी परकीच वाटली असणार. दोदेने शेवटचा धडा अमर केला. दुसऱ्या दिवशी नवा मास्तर आला, त्याने हजेरी घेतली, तेव्हा मुलांनी कोणत्या भाषेत 'हजर' म्हटले, हे कोणी लिहिले नाही. शेवटाचे वाङ्मय पुष्कळ आहे. पहिल्या दिवसाचे वाङ्मय फारच थोडे, आणि शिक्षकाचे काम तर पहिल्या दिवसाचे असते.

आता आजचे पाहू. सीमेच्या या बाजूला शाळा १२ जूनला उघडते. त्या बाजूला मराठवाड्यात जूनच्या मध्यावर, आणि विदर्भात उन्हामुळे आणखी उशिरा. या बाजूला मोठी सुट्टी दसऱ्याला, बतुकम्मेच्या दिवसांत, आणि मग संक्रांतीला. त्या बाजूला दिवाळीला. मामेभाऊ-आतेभाऊ एकमेकांच्या घरी सुट्टीला जाऊ शकत नाहीत, कारण एकाची सुट्टी असते तेव्हा दुसऱ्याची शाळा असते. हे मोठ्यांना क्षुल्लक वाटते. मुलाला विचारून पाहा. तेलंगणाने २०१८ मध्ये शाळांतून तेलुगू सक्तीची केली, महाराष्ट्राने २०२० मध्ये मराठी. दोन्ही कायदे आपापल्या जागी मला समर्थनीय वाटतात. मराठीला २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा मीही पेढे वाटले, आणि तेलुगूला तो २००८ मध्येच मिळाला होता हे पेढे घेणाऱ्यांना सांगितले. जिवती तालुक्याच्या सीमेवर चौदा गावे अशी आहेत, की जेथे दोन राज्यांच्या दोन शाळा एकाच गावात चालतात, एक मराठी आणि एक तेलुगू. त्या गावांचा वाद ज्यांनी सोडवायचा ते सोडवोत. मला कुतूहल आहे ते त्या दोन शाळांच्या घंटांमधल्या अंतराचे.

आणि इंग्रजी? तेलंगणाने २०२२-२३ पासून सरकारी शाळांत पहिली ते आठवी इंग्रजी माध्यम आणले, पुस्तके द्विभाषिक केली. मी यावर टीका करायला उभा नाही. टीका करण्याचा माझा अधिकार कमी आहे. माझी नातवंडे हैदराबादेत इंग्रजी शाळेत जातात. ती कोणत्या शाळेत जावीत हे विचारायला मुलगा माझ्याकडे आला होता, आणि मी, मराठीचा प्राध्यापक, 'तुम्हांला योग्य वाटेल ते करा' म्हणालो. विषय बदलण्याची माझी सवय जुनीच आहे, हे आपण मघाशी ऐकलेच.

म्हणून 'मराठी वाचवा' असे आवाहन मी करीत नाही. माझे म्हणणे फार मर्यादित आहे. आपल्या शाळेच्या व्यवस्थापनापुढे एक प्रस्ताव आहे असे मला कळले. सीमेपलीकडून आठवीला येणारी मुले आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली, त्यांच्या दाखल्यांचा, आधारचा, संगणकातल्या नोंदींचा त्रास फार, तेव्हा यापुढे ती घेऊ नयेत. त्रास खरा आहे. कारकुनाची अडचण मी खोटी मानत नाही, १९६३ च्या कारकुनाचीही खोटी नव्हती. आता रजिस्टर पडद्यावर आले आहे. मातृभाषेच्या रकान्यात यादी उघडते आणि एकच पर्याय निवडावा लागतो. पेन्सिलीने खाली लिहिण्याची सोय त्यात नाही. परंतु त्या हाताच्या बोटांवरच्या मुलांपैकी एखादे परत फिरले, तर ते दुसऱ्या शाळेत जाईलच असे आपण गृहीत धरतो. माझा मित्र दुसऱ्या शाळेतच गेला होता.

हा मित्र आजही बासरला आहे. मंदिराच्या वाटेवर त्याचे लहानसे दुकान आहे. हळद, कुंकू, नारळ, आणि अक्षराभ्यासाला लागणारी पाटी-पेन्सिल तो विकतो. वसंत पंचमीला त्याला जेवायला सवड नसते. आज सकाळी मी त्याच्याकडे गेलो. संध्याकाळच्या व्याख्यानाला ये म्हणालो. त्याने विचारले, 'कशावर बोलणार?' मी म्हणालो, 'शाळेच्या पहिल्या दिवसावर.' तो हसला. म्हणाला, 'पहिल्या दिवसावर मीच बोलू शकतो, तुझे तर पुढचे दिवसही झाले.' तो आला आहे की नाही, मला येथून दिसत नाही. माझी दृष्टी आता दूरचे धरीत नाही.

प्रस्तावावर निर्णय व्यवस्थापनाने घ्यायचा आहे, पाहुण्या वक्त्याने नव्हे. मी एक वस्तू सोबत आणली आहे. १९६३ च्या जूनमध्ये गुरुजींनी फळ्यावर लिहिलेले दोन भाषांचे शब्द मी माझ्या वहीत उतरवून घेतले होते. दोनशेंहून थोडे अधिक आहेत. ती वही मी आज मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो. आठवीच्या वर्गशिक्षकांना पहिल्या पंधरवड्यात उपयोगी पडली तर पडेल. तेलुगू शब्दांचे लेखन मी तेराव्या वर्षी कानाला ऐकू आले तसे देवनागरीत केले आहे. त्यात चुका असणारच. जाणकाराकडून, शक्य तर बासरच्या एखाद्या तेलुगू शिक्षकाकडून, ते तपासून घ्यावे.